घर, कारखाना आणि मधली वाट

घर घेण्याचा विचार करणारे कुटुंब साधारणपणे तीन प्रश्न विचारते. किंमत किती, क्षेत्रफळ किती आणि कर्जाचा मासिक हप्ता किती. चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि विचारला गेला तरी हसण्यावारी नेला जातो. तो प्रश्न असा की, या घरापासून कामाची जागा किती दूर आहे आणि तिथे रोज जायचे कसे? सातबारा, मंजूर नकाशा आणि बोजाविरहित मालकी यांची छाननी जितक्या दक्षतेने होते, तितक्या दक्षतेने या चौथ्या प्रश्नाची होत नाही. पुढची वीस वर्षे मात्र त्या प्रश्नाचे उत्तर रोज सकाळ-संध्याकाळ द्यावे लागते. पेट्रोलच्या रूपाने, बसच्या रांगेत आणि आयुष्यातील तासांच्या रूपाने.

घर, काम आणि प्रवास हे तीन स्वतंत्र विषय नसून एकाच विषयाची तीन अंगे आहेत. छत्तीसगडमधील भिलाई आणि तिच्या कडेला वसलेले हथखोजचे औद्योगिक क्षेत्र यांच्याकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट जितकी स्पष्ट होते, तितकी ती क्वचितच दुसरीकडे होत असेल. एकाच शहरात या प्रश्नाची दोन उत्तरे तेथे शेजारी-शेजारी उभी आहेत.

आखून वसवलेले गाव

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या वेळी भिलाई जुन्या मध्य प्रदेश राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर राजधानी भोपाळला गेली. तरीही विदर्भ आणि छत्तीसगड यांच्यातील जुना व्यवहार तुटला नाही. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे ठिकाण नागपूरहून गाडीने थेट गाठता येत असल्याने विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली आणि येथलीच झाली.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रारंभी कारखान्याची क्षमता वर्षाला दहा लाख टनांची होती. १९६७मध्ये ती पंचवीस लाख टनांवर आणि १९८८मध्ये चाळीस लाख टनांवर नेण्यात आली. भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा हिस्सा येथे तयार होतो, हे सर्वज्ञात आहे. परंतु रुळांइतकीच महत्त्वाची अशी आणखी एक गोष्ट येथे घडली, ती म्हणजे कारखान्याबरोबरच त्यात काम करणाऱ्यांच्या घरांची आखणी.

मोकळ्या माळावर हजारो माणसे कामाला आणायची, तर त्यांच्या निवाऱ्याची सोय बाजारावर सोडून चालणार नव्हते. म्हणून कारखान्याच्या लगत सेक्टर १ ते सेक्टर १० अशी वसाहत उभारण्यात आली. प्रत्येक सेक्टरमध्ये शाळा, बाजार आणि खेळाचे मैदान पायी जाण्याच्या अंतरावर असावे, मोठे रस्ते सेक्टरच्या कडेने जावेत आणि आतल्या रस्त्यांवर मुलांना निर्धास्त फिरता यावे, अशी त्यामागची कल्पना होती. शेजारवस्तीचा हा विचार अमेरिकन नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९मध्ये मांडला होता. स्वातंत्र्यानंतरच्या भुवनेश्वर, चंदीगड, राउरकेला, दुर्गापूर अशा नव्या नगरांवर त्याची कमीअधिक छाप पडली. भिलाईत सेक्टर ९चे मोठे रुग्णालय, मध्यभागी सिव्हिक सेंटर आणि १९७२मध्ये साकारलेली मैत्री बाग यांमुळे वसाहतीला शहराचे पूर्णत्व आले.

या आखणीचा सर्वांत मोठा लाभार्थी होता सायकलस्वार. पोलादाची भट्टी विझवून चालत नाही, म्हणून काम तीन पाळ्यांत चालते. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या वेळांना एक पाळी आत जाते आणि एक बाहेर येते. अशा वेळी घर चार-सहा किलोमीटरवर असेल, जमीन सपाट असेल आणि रस्ते रुंद व झाडांच्या सावलीचे असतील, तर सायकलीसारखे दुसरे वाहन नाही. तिला वेळापत्रक लागत नाही, इंधन लागत नाही आणि रात्री दहाला सुटणाऱ्या माणसाला शेवटची बस चुकण्याची धास्तीही नसते. कित्येक वर्षे पाळी बदलताना कारखान्याच्या प्रवेशद्वारांवर सायकलींचा ओघ वाहत असे. त्यासाठी कुणी वेगळे ‘सायकल धोरण’ जाहीर केले नव्हते. घर आणि काम यांतील अंतर आटोक्यात ठेवले, एवढेच धोरण पुरेसे ठरले.

हथखोज : त्याच शहराची दुसरी बाजू

मोठा कारखाना एकटा उभा राहत नाही. त्याला सुटे भाग, ओतीव काम, जोडकाम, दुरुस्ती आणि वाहतूक यांची गरज लागते. भिलाईत ही गरज भागवण्यासाठी लहान-मोठ्या खासगी उद्योगांची रांगच उभी राहिली. सेक्टरांपासून लोहमार्गाच्या दुसऱ्या बाजूला असलेले हथखोजचे अवजड औद्योगिक क्षेत्र हे त्यांपैकी एक प्रमुख ठिकाण. येथे भूखंड, वीज आणि ट्रेलर वळू शकेल असे रस्ते यांची तरतूद झाली. जी झाली नाही ती कामगारांच्या घरांची.

सेक्टरमधील क्वार्टर हा पोलाद कारखान्याच्या कायम कर्मचाऱ्याचा हक्क होता. कंत्राटी मजुराचा किंवा खासगी उद्योगातील कामगाराचा नव्हे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईचा अनेक वर्षे अभ्यास करून २०२०मध्ये एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी स्थानिक बोलीतील दोन शब्दांवर बोट ठेवले आहे : ‘नौकरी’ आणि ‘काम’. सुरक्षित, कायम, निवृत्तिवेतनासह मिळते ती नौकरी. आज आहे आणि उद्याचे ठाऊक नाही ते काम. या दोन शब्दांमधली दरी घरांच्याही बाबतीत तितकीच खोल आहे. नौकरी करणाऱ्याला क्वार्टर मिळाले. काम करणाऱ्याने खुर्सीपार, कॅम्प, छावणी अशा वस्त्यांत खोली शोधली, किंवा आसपासच्या गावांतून रोज ये-जा पत्करली.

काळाच्या ओघात या दोन गटांचे प्रमाणही उलटले. १९८०च्या दशकात भिलाई पोलाद कारखान्याच्या पटावर साठ हजारांहून अधिक कर्मचारी होते. पुढे नवी भरती आटत गेली आणि ही संख्या निम्म्याहूनही खाली आली. तेच उत्पादन, किंबहुना त्याहून अधिक, आता कमी कायम कामगार आणि अधिक कंत्राटी मजूर यांच्या बळावर होते. म्हणजे ज्या माणसासाठी सेक्टर आखले गेले होते तो माणूस दुर्मीळ होत गेला, आणि ज्याच्यासाठी काहीच आखले नव्हते त्याची संख्या वाढत गेली. क्वार्टरमधून निवृत्त झालेली कुटुंबे नेहरूनगर, स्मृतिनगर, हुडको अशा वसाहतींत स्थिरावली. हथखोजला कामाला जाणारा तरुण मात्र सायकल किंवा कर्जावर घेतलेली मोटारसायकल दामटत महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडतो.

वेगवेगळ्या स्वभावाची दोन वाहने येथे एका रस्त्यावर येतात. पंचवीस-तीस टन लोखंड लादलेला ट्रेलर आणि पंधरा-सोळा किलोची सायकल. ट्रेलरचालकाला आपल्या डाव्या बाजूचा, चाकालगतचा भाग उंच केबिनमधून नीट दिसत नाही. वळण घेताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. सायकलस्वार नेमका त्याच डाव्या कडेने जात असतो. रस्त्याची कड खचलेली असेल, तिथे ट्रक उभे असतील किंवा दिवे नसतील, तर सायकलस्वार रस्त्याच्या मध्याकडे ढकलला जातो. यात कुणाचा निष्काळजीपणा शोधण्याआधी रस्त्याची रचना तपासावी लागते. अवजड वाहनांच्या मार्गावर सायकलीसाठी दगडी कठड्याने वेगळी केलेली पट्टी ही गरज आहे. तिचा प्रश्न थेट जिवाशी निगडित आहे.

किर्लोस्करवाडी आणि गिरणगाव

घर आणि काम जवळ ठेवण्याचा विचार मराठी मुलखाला नवा नाही. गंमत अशी की, त्याची एक सुरुवात सायकलीपासूनच झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना १८८८मध्ये त्यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासमवेत बेळगावात सायकलींच्या विक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान काढले. त्या दुकानातून पुढे शेतीची अवजारे आणि लोखंडी नांगर यांचा कारखाना वाढला. बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाने कुंडल रेल्वेस्थानकाजवळचा माळ दिला आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. कारखाना, घरे, शाळा आणि रेल्वेस्थानक हाकेच्या अंतरावर असलेले हे गाव भिलाईच्या जवळजवळ अर्धशतक आधीचे आहे.

मुंबईच्या गिरणगावाची कथा याहून मोठी आणि याहून कष्टाची. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत, पाण्याच्या नळासाठी रांग लागे आणि गाळे पाळीपाळीने वापरले जात. त्या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १८९६च्या प्लेगने दाट वस्त्यांची भीषण अवस्था उघडी केली, तेव्हा १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना करावी लागली. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या गेल्या. तरीही या वस्त्यांना एक मोठी सोय लाभली होती. भोंगा वाजला की कामगार पायी गिरणीत पोहोचत असे. प्रवासावर त्याची दमडीही खर्च होत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर आणि पुढे गिरण्या बंद पडल्यावर हे समीकरण मोडले. गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. त्या कार्यालयांत झाडलोट, पहारा, हिशेब आणि खानपान सांभाळणारी माणसे मात्र विरार, कल्याण, डोंबिवली, पनवेल येथून लोकलने येऊ लागली. गिरणी कामगारांसाठीच्या सोडतींतील घरांचा एक भाग तर पनवेलजवळच्या कोन गावात होता. घर मिळाले, परंतु ज्या परिसरात आयुष्य गेले, तो मागे राहिला. घरांची संख्या मोजताना त्यांचे ठिकाण मोजले नाही, तर काय होते याचे हे उदाहरण आहे.

पुणे : सायकलींच्या शहराचा धडा

सायकल आणि शहर यांची चर्चा पुण्याशिवाय पूर्ण होत नाही. एके काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला तर होणारा दंड आणि ‘डबलसीट’ पकडले जाण्याची भीती या गोष्टी ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असतील. बँकेतील ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना आणखी एक आठवण असेल. टपाल आणि धनादेश घेऊन सायकलवरून फिरणाऱ्या शिपायासाठी बँकांच्या द्विपक्षीय वेतन करारांत ‘सायकल प्यून’ असे स्वतंत्र पद आणि त्यासाठी वेगळा भत्ता असे. सायकल हे त्या काळी कार्यालयीन कामकाजाचे मान्य साधन होते.

मग सायकल मागे का पडली? लोक आळशी झाले, हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. १९७२मध्ये लुना आली, बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी लागे आणि पुढे मोटारसायकली हप्त्याने मिळू लागल्या. हा एक भाग झाला. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग असा की, शहर पसरले. पेठेतून डेक्कनला जाणे आणि वाघोलीहून हिंजवडीला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर सायकलीचे नव्हे. ते सार्वजनिक वाहतुकीचे अंतर आहे. ती पुरेशी नसली की माणूस नाइलाजाने दुचाकी घेतो, आणि दुचाकी वाढल्या की उरल्यासुरल्या सायकलस्वाराचा रस्ता जातो.

उपाय झाले नाहीत असे नाही. पुण्याची पीएमटी १९५०पासून आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४पासून चालत आली होती. २००७मध्ये दोन्ही एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. डिसेंबर २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी राखीव मार्गिकेचा देशातील पहिला प्रयोग सुरू झाला. त्यालगत सायकल मार्गही आखण्यात आले. परंतु ते सलग नव्हते. कुठे झाड, कुठे विजेचा खांब, कुठे उभ्या केलेल्या गाड्या आडव्या येत. तुटक सायकल मार्ग हा तुटलेल्या पुलासारखा असतो. नव्वद टक्के बांधून झाला तरी उरलेल्या दहा टक्क्यांवाचून उपयोगी पडत नाही. २०१५मध्ये ‘रेनबो’ या नावाने नवे बीआरटी मार्ग सुरू झाले. नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग पुढे काढूनही टाकण्यात आला.

डिसेंबर २०१७मध्ये पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखड्याला मंजुरी दिली आणि त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींच्या योजनाही आल्या. मोठा गाजावाजा झाला. पण त्यांतील एक परदेशी कंपनी २०१८मध्येच भारतातून निघून गेली आणि इतरही फार टिकल्या नाहीत. सायकली उपलब्ध झाल्या होत्या, सुरक्षित रस्ते झाले नव्हते. ६ मार्च २०२२ रोजी पुणे मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले आणि सप्टेंबर २०२४मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. मेट्रोमुळे लांबचे अंतर सुकर झाले. आता प्रश्न उरला आहे तो स्थानकापासून घरापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरचा, आणि तोच खऱ्या अर्थाने सायकलीचा पल्ला आहे.

जगाने काय केले

नेदरलँड्समध्ये सायकल पूर्वापार आहे आणि तिथल्या लोकांचा तो स्वभावच आहे, असा समज आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७०च्या दशकात रस्त्यांवर दगावणाऱ्या मुलांसाठी पालक रस्त्यावर उतरले आणि १९७३च्या तेलसंकटाने सरकारलाही विचार करायला भाग पाडले. त्यानंतर दशकानुदशके सलग सायकल मार्ग बांधले गेले. कोलंबियातील बोगोटा शहराने २०००मध्ये राखीव मार्गिकेवरील बससेवा आणि सायकल मार्ग यांची सांगड घातली. या दोन्ही उदाहरणांत श्रीमंती हे कारण नव्हते. सातत्य हे होते.

भारतातही धोरणाची उणीव नाही. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने स्पष्ट म्हटले की, वाहनांची नव्हे, माणसांची ने-आण हे उद्दिष्ट असले पाहिजे. २०११च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर दुचाकी २१ टक्के कुटुंबांकडे. शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने आणि सुमारे २३ टक्के पायी जात. म्हणजे या देशात सायकल हा छंद नाही; कोट्यवधींच्या रोजीरोटीचे ते साधन आहे. छत्तीसगडमध्ये शाळकरी मुलींना सायकल देणारी सरस्वती सायकल योजना याच जाणिवेतून आली. शाळेसाठी मिळालेली सायकल मुलगी पुढे कामालाही घेऊन जाते. तेव्हा तिला सुरक्षित रस्ता मिळतो की नाही, हा पुढचा प्रश्न आहे.

हप्ता आणि हेलपाटा

आता थोडे आकड्यांकडे वळू. वार्षिक ८.५ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलेल्या एक लाख रुपयांच्या गृहकर्जाचा मासिक हप्ता सुमारे ८६८ रुपये होतो. वीस लाखांच्या कर्जाला सुमारे १७,३६० रुपये. हा आकडा कर्जदार तोंडपाठ ठेवतो.

समजा, एका कुटुंबापुढे दोन घरे आहेत. पहिले कामाच्या जागेपासून २४ किलोमीटरवर, दुसरे चार किलोमीटरवर पण तीन लाख रुपयांनी महाग. पहिल्या घरातून जाण्या-येण्याचे रोजचे ४८ किलोमीटर. महिन्यातील पंचवीस कामाच्या दिवसांचे १,२०० किलोमीटर. मोटारसायकल लीटरला ४८ किलोमीटर देते असे धरले तर पंचवीस लीटर पेट्रोल. लीटरला शंभर रुपये धरले तर अडीच हजार रुपये. टायर, तेल, दुरुस्ती आणि विमा यांचे पाचशे रुपये मिळवले की महिन्याला तीन हजार झाले. दुसऱ्या घरासाठी लागणाऱ्या तीन लाखांच्या जादा कर्जाचा हप्ता आहे सुमारे २,६०४ रुपये. चार किलोमीटर सायकलने जाणाऱ्या माणसाला म्हणजे ‘महाग’ घर दरमहा सुमारे चारशे रुपयांनी स्वस्तच पडले.

यात वेळेचा हिशेब अजून धरलेला नाही. ताशी सरासरी चोवीस किलोमीटर वेगाने रोजचे ४८ किलोमीटर म्हणजे दोन तास. महिन्याचे पन्नास तास. आठ तासांच्या सहा पाळ्यांहून जास्त काळ बिनपगारी रस्त्यावर जातो. शिवाय वीस वर्षांनंतर गृहकर्ज फिटते. हेलपाटा मात्र नोकरी असेपर्यंत फिटत नाही. प्रत्येक कुटुंबाचे आकडे अर्थातच वेगळे असतील. मुलांची शाळा, वडीलधाऱ्यांची औषधे, दोघांच्या नोकरीची दोन ठिकाणे अशा अनेक गोष्टी निर्णयात येतात. कर्जाची परतफेडक्षमता ठरवताना उत्पन्नातून हप्ते वजा केले जातात. प्रवासखर्चाची वजाबाकी मात्र कर्जदाराने स्वतःच करायची असते. अर्ज भरण्यापूर्वी ती एकदा कागदावर मांडून पाहावी, आणि शक्य तर एखाद्या कामाच्या दिवशी त्या घरापासून कार्यालयापर्यंत ऐन गर्दीच्या वेळी जाऊन यावे.

हा हिशेब स्त्रियांच्या बाबतीत अधिक बोचरा ठरतो. घरकाम आणि मुले सांभाळून नोकरी करणाऱ्या स्त्रीला दोन तासांचा प्रवास परवडत नाही. रात्रीच्या पाळीनंतर सुरक्षित वाहन नसेल तर तिला ती पाळीच घेता येत नाही. जवळचे घर आणि भरवशाची बस यांच्या अभावी किती पगार घरात येण्यापूर्वीच नाकारले जातात, याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

पुढची आखणी

हथखोजसारख्या ठिकाणी सारेच कामगार घर विकत घेतील, ही अपेक्षा रास्त नाही. ज्याचे काम उद्या दुसऱ्या कारखान्यात असू शकते, त्याला आधी हवे असते ते परवडणाऱ्या भाड्याचे, स्वच्छ पाणी आणि शौचालय असलेले घर. शहरांत येणाऱ्या श्रमिकांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना केंद्र सरकारने जुलै २०२०मध्ये मंजूर केली. टाळेबंदीत गावाकडे पायी निघालेल्या मजुरांनी या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले, त्यानंतरची ही योजना. उद्योजकांनी स्वतःच्या जागेवर अशी संकुले उभारावीत, असा पर्यायही तिच्यात होता. औद्योगिक क्षेत्राचा भूखंड आखतानाच त्याच्या शेजारी राहण्याचा भूखंड आखला जावा, हा भिलाईच्या सेक्टरांनी घालून दिलेला धडा पुन्हा गिरवण्यासारखा आहे; मात्र या वेळी तो ‘नौकरी’पुरता मर्यादित न ठेवता ‘कामा’लाही लागू झाला पाहिजे.

वाहतुकीच्या बाबतीत दुर्ग-रायपूर पट्ट्याला निसर्गतःच एक देणगी आहे. दुर्ग, भिलाई नगर, भिलाई पॉवर हाउस ही स्थानके एकाच लोहमार्गावर, थोड्या-थोड्या अंतरावर आहेत आणि मेमू गाड्या तिथे थांबतात. स्थानकाबाहेर छपराचे, राखणदार असलेले सायकलतळ असतील आणि तिथून औद्योगिक क्षेत्राकडे पाळीच्या वेळा सांभाळून बस सुटेल, तर रेल्वे, बस आणि सायकल यांची साखळी पुरी होते. २०२३मध्ये जाहीर झालेल्या पीएम-ई-बस सेवा योजनेत दुर्ग-भिलाईचाही समावेश झाला आहे. बस रस्त्यावर येणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती रात्री दहाच्या पाळीला मिळणे महत्त्वाचे.

उरलेल्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांनीच फरक पडतो. सायकल मार्ग किमान दोन मीटर रुंद आणि सलग असावा, म्हणजे दोन सायकली एकमेकींना ओलांडू शकतील. चौकात तो अचानक संपू नये. रस्त्यावर दिवे असावेत. कारखान्याच्या दारात मोटारींसाठी जागा राखली जाते, तशी सायकलींसाठी सावलीची जागा असावी. भाजी, औषधे आणि पाळणाघर वस्तीतच मिळावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही की अवाढव्य भांडवलही.

राष्ट्रीयीकृत बँकांनी गेल्या काही दशकांत गृहकर्ज सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणले. लहान उद्योगांना भांडवल दिले आणि वाहनकर्जही सुलभ केले. हे तीन व्यवहार वेगवेगळ्या नस्त्यांत असतात, वेगवेगळ्या टेबलांवर हाताळले जातात. कर्जदाराच्या आयुष्यात मात्र ते एकाच सकाळी एकत्र येतात. घराचे दार ओढून घेऊन तो वाहनावर बसतो आणि कारखान्याकडे निघतो. ती वाट जितकी आखूड आणि सुरक्षित, तितका हप्ता हलका. सत्तर वर्षांपूर्वी भिलाईच्या माळावर वसाहत आखणाऱ्यांना हे उमगले होते. हथखोजच्या रस्त्यावर रात्रपाळीहून सायकलने परतणाऱ्या कामगारासाठी ते आज पुन्हा उमगायला हवे.